नदी दाखवण्याआधी : चिपळूणहून एक खुले पत्र

प्रति,
मा. पर्यटन मंत्री आणि पर्यटन संचालनालय, महाराष्ट्र शासन,
मा. जिल्हाधिकारी, रत्नागिरी,
नगर परिषद, चिपळूण

विषय : पूर सोसलेल्या शहरात पर्यटनाचे नियोजन करताना रहिवाशांचे म्हणणे ऐकून घेण्याबाबत

महोदय,

चिपळूणच्या बाजारपेठेत माझे वह्या-पुस्तकांचे दुकान आहे. २००५ आणि २०२१ हे दोन्ही पूर मी याच दुकानात पाहिले. दुकानाच्या वर आमचे घर असून त्यातल्या दोन खोल्या माझा मुलगा गेली तीन वर्षे पर्यटकांना भाड्याने देतो. म्हणजे ज्या व्यवसायाविषयी मी आपल्याला लिहीत आहे, त्याचे चार पैसे माझ्याही घरात येतात. हे आधीच सांगितलेले बरे, कारण पुढचा मजकूर वाचून मी पर्यटकांच्या विरोधात आहे असा समज होण्याचा संभव आहे आणि तो चुकीचा ठरेल. पाहुण्यांनी यावे असे मला वाटते. त्यांनी येऊ नये असेही वर्षातले काही दिवस मला वाटते. आणि या दोन्ही भावना एकाच घरात, कधीकधी एकाच जेवणाच्या पंगतीत कशा नांदतात, ते आपल्यापर्यंत पोचावे एवढ्यासाठी हा पत्रप्रपंच.

राज्य शासनाने २०२४ मध्ये नवे पर्यटन धोरण मंजूर केले. दहा वर्षांत एक लाख कोटी रुपयांची गुंतवणूक आणि १८ लाख रोजगार असे त्याचे उद्दिष्ट जाहीर झाले आणि कोकणातल्या इतर गावांप्रमाणे आमच्याकडेही त्या आकड्यांवर चहाच्या टपरीपासून व्यापाऱ्यांच्या बैठकीपर्यंत बेत रचले गेले. दाखवण्यासारखे आमच्याकडे पुष्कळ आहे. परशुरामाचे देऊळ आहे, महामार्गाला लागून कोसळणारा सवतसडा आहे, गोवळकोटचा किल्ला आणि करंजेश्वरी आहे, खाडीत मगरी पाहायला नेणाऱ्या होड्या आहेत, आणि गुहागर, वेळणेश्वर, हेदवीला जाणारा बहुतेक माणूस आमच्या नाक्यावरून वळतो. आजवर तो वळून पुढे जाई. आता त्याने एक रात्र इथे थांबावे असा सगळ्यांचा प्रयत्न आहे. त्यात गैर काहीच नाही. अडचण एवढीच आहे की या शहराचे पर्यटन आणि या शहराचा पूर या दोन्ही गोष्टी एकाच नदीच्या आहेत, आणि शासनाच्या दप्तरी मात्र त्या दोन निराळ्या खात्यांत राहतात. पर्यटन खात्याच्या नकाशावर वाशिष्ठी ही निळीशार, होड्यांची नदी असते. जलसंपदा खात्याच्या नकाशावर तिच्या दोन्ही बाजूंना एक निळी आणि एक लाल पूररेषा असते, आणि माझे दुकान त्या रेषांच्या आत येते.

२१ जुलै २०२१ ची रात्र आपल्या कार्यालयांना अहवालांतून माहीत असेलच, म्हणून मी थोडक्यात सांगतो. शाळा दीड वर्ष बंद होत्या. २०२० च्या जूनसाठी भरलेला माझा माल विकला गेला नव्हता, त्यात नव्या वर्षाचा थोडा माल येऊन पडला होता, आणि तो सगळा २००५ च्या पुराची खूण डोळ्यांसमोर ठेवून, त्या खुणेच्या वीतभर वर बांधलेल्या फळ्यांवर रचलेला होता. आपण धडा घेतला आहे, अशी माझी समजूत होती. पहाटेपर्यंत पाण्याने ती खूण ओलांडली आणि फळ्यांसकट सगळे आपल्या पोटात घेतले. वह्या पाण्यात फुगतात, फुगल्या की कपाटाची दारे आतून फोडतात. तो आवाज आम्ही वर बसून ऐकला. शेजारची दोन कुटुंबे धरून आम्ही तेरा माणसे त्या वरच्या दोन खोल्यांत एक रात्र, एक दिवस आणि पुढची जवळजवळ अख्खी रात्र होतो. त्याच शहरात एसटी आगाराच्या व्यवस्थापकांनी तिकिटांची रोकड छातीशी धरून बसच्या टपावर दिवस काढला, आणि पाणी शिरलेल्या एका कोविड रुग्णालयात आठ रुग्ण दगावले. वर घाटमाथ्यावर महाबळेश्वरला २३ जुलैच्या सकाळपर्यंतच्या चोवीस तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, हे आम्हाला वीज आल्यावर, खूप नंतर समजले.

माझा मुलगा ज्या दोन खोल्या पर्यटकांना देतो, त्या ह्याच. आता तिथे पांढऱ्या चादरी आहेत, भिंतीला फिका हिरवा रंग आहे आणि खिडकीतून नदीकडची झाडे दिसतात. पाहुण्यांना खोली आवडते, हवा छान येते असे ते म्हणतात, आणि हवा खरेच छान येते. आम्ही मात्र ज्या कोपऱ्यात शेजारच्या आजींना उशीला टेकवून ठेवले होते, तिथे आता चहाची किटली आणि दोन कप असतात. त्या आजी त्या पुरातून वाचल्या, पण चिपळुणात राहिल्या नाहीत. मुलाकडे पुण्याला गेल्या आणि तिकडेच वारल्या. पर्यटकांना हे सांगावे असे मला कधी वाटले नाही. सांगू नये असेही नक्की वाटत नाही.

पुरानंतर बाहेरून आलेली पहिली माणसे पर्यटक नव्हती. घाटावरून, मुंबईहून, कुठून कुठून तरुण मुले टेम्पो भरभरून आली, पिण्याचे पाणी, चटया आणि पीठमीठ घेऊन आली, आणि चार-चार दिवस आमच्या दुकानांतला गाळ घमेल्यांनी उपसत राहिली. त्यांतल्या कित्येकांची नावे आम्ही विचारली नाहीत याची आज खंत वाटते. ती मुले दारात आली की पहिला प्रश्न विचारत, 'फावडे आहे का तुमच्याकडे?' आठ-दहा दिवसांनी दुसऱ्या प्रकारची माणसे येऊ लागली. गुहागरला जाता जाता गाडी बाजारपुलाजवळ लावून, चिखल चुकवत ती आत येत आणि विचारत, 'पाणी कुठपर्यंत आले होते हो?' मग आम्ही हात वर करून दाखवायचे आणि त्यांनी त्या हाताखाली उभे राहून फोटो काढायचा. त्या माणसांना मी वाईट म्हणत नाही. एकाने फोटो काढून झाल्यावर खिशातून पाचशेची नोट काढून गल्ल्यावर ठेवली. ती घ्यावी की परत करावी, हे मला सुचले नाही आणि तोवर तो निघून गेला. ती नोट मी बरेच दिवस मोडली नव्हती.

'पाणी कुठपर्यंत आले होते' हा प्रश्न त्यानंतर आमच्या घरी मुक्कामालाच आला. दुकानाच्या आतल्या भिंतीवर पुराची तपकिरी रेघ होती. रंगकाम काढले तेव्हा ती ठेवावी असे माझे मत पडले, कारण पुढच्या वेळी फळ्या किती उंचीवर बांधायच्या याचा तो एकमेव भरवशाचा दाखला होता. मुलाचे म्हणणे असे की जिन्याने वर जाणाऱ्या पाहुण्याच्या नजरेस ती रेघ पडली की तो रात्रभर पावसाचा आवाज ऐकत बसेल आणि पुन्हा येणार नाही. गंमत अशी की त्याच सुमारास उतरलेल्या एका जोडप्याला ती रेघ इतकी आवडली की त्यांनी तिचा फोटो काढून चार ठिकाणी टाकला. तेव्हा मुलगा म्हणाला, 'राहू द्या बाबा, चालतेय.' आणि त्या क्षणी ती रेघ तिथे नकोशी मला वाटू लागली. शेवटी दर्शनी भागावर रंग दिला आणि कपाटामागची वीतभर रेघ तशीच ठेवली. आम्ही बापलेक ज्या तडजोडीला आलो ती काही फार तर्कशुद्ध नाही, पण पूर दाखवावा की झाकावा, हा प्रश्न आपल्या माहितीपत्रकांपुढेही येणार आहे म्हणून सांगितले.

या बाबतीत आम्ही जगात एकटे आहोत असे नाही. आमच्या २६ जुलै २००५ नंतर पाचच आठवड्यांनी, २९ ऑगस्टला, अमेरिकेत न्यू ऑर्लिन्स हे शहर कत्रिना चक्रीवादळात बुडाले. त्या शहराचे पोट बऱ्याच अंशी पर्यटकांवर चालते, त्यामुळे पाहुणे परत यावेत म्हणून शहराने जिवाचे रान केले. पण बांध फुटून सर्वाधिक हानी झालेल्या लोअर नाइन्थ वॉर्ड या वस्तीत पडकी घरे दाखवणाऱ्या बसगाड्या हिंडू लागल्या, तेव्हा तिथल्या नगर परिषदेला त्या गाड्यांवर बंदी घालावी लागली. पाहुणे हवेत आणि तरीही या गल्लीत नकोत, असे एकाच शहराने एकाच वेळी म्हटले. मला त्यात विसंगती दिसत नाही. उलट भुजने २६ जानेवारी २००१ च्या भूकंपाची आठवण भुजिया डोंगरावर स्मृतिवन उभारून, मृतांची नावे कोरून, वीस वर्षांहून अधिक काळानंतर लोकांपुढे मांडली. तिथे जाणाऱ्या माणसाला आपण कशासाठी आलो आहोत हे ठाऊक असते. दारातून डोकावून विचारण्यात आणि मुद्दाम उभ्या केलेल्या जागी जाऊन पाहण्यात जो फरक आहे, तो नियोजनकर्त्यांनी ओळखावा.

आता ज्या गोष्टीसाठी मी मुख्यतः हे पत्र लिहायला बसलो, तिच्याकडे येतो.

गेल्या पावसाळ्यात एका संध्याकाळी मुलाला फोन आला. दोन लहान मुले असलेले कुटुंब शनिवार-रविवारसाठी येणार होते आणि खोलीचे पैसे भरण्याआधी त्यांनी विचारले, 'पुराची भीती नाही ना?' हवामान खात्याचा ऑरेंज अलर्ट त्याच दुपारी आला होता. मुलाने क्षणभर थांबून उत्तर दिले, 'नाही हो, आता नदीतला गाळ काढलाय, काही होत नाही. या तुम्ही, पाऊस मस्त आहे.' मी तिथेच गल्ल्यावर होतो. फोन ठेवल्यावर आमचे भांडण झाले. मी म्हटले, तू खोटे बोललास. तो म्हणाला, मी खोटे कुठे बोललो, काही होणार आहे हे तुम्हाला तरी माहीत आहे का? त्याच्या या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते, आणि महोदय, नीट पाहिले तर आपल्याकडेही नाही. त्या शनिवारी काही झाले नाही. मुले नदी बघून हरखली, कुटुंब आनंदाने परत गेले आणि जाताना खोलीबद्दल चार चांगले शब्द लिहून गेले. पण मी दोन्ही रात्री जागाच होतो आणि मुलगाही होता, हे मला त्याच्या खोलीतल्या उजेडावरून कळत होते.

पुरात आमचा माल गेला, त्याची सवय आहे असे म्हणवत नाही, पण त्याचा हिशेब तरी मांडता येतो. पर्यटनाने आमच्या बाबतीत जे नवे केले आहे ते असे की नदीविषयी खरे बोलणे आता आम्हाला महाग पडू लागले आहे. पूर्वी कोणीही विचारले तर चिपळूणकर चढवूनच सांगत असे की बाबा, पाण्याचा भरवसा नाही, गाडी उंचावर लाव. आज खोलीवाला, रिक्षावाला, खानावळवाला आणि होडीवाला यांचे जुलै-ऑगस्टचे उत्पन्न 'काही होत नाही' या तीन शब्दांवर अवलंबून आहे. अलर्ट आला की खोल्या रद्द होतात, आणि अलर्ट आला म्हणून दर वेळी पाणी येतेच असे नाही. त्यामुळे अलर्टवर राग धरायला आम्ही शिकलो आहोत. ज्या शहराने इशाऱ्याची वाट पाहत जागे राहायचे, त्याच शहराने इशाऱ्याला कंटाळावे, ही अवस्था मला पुराइतकीच धोक्याची वाटते.

'पुराची भीती आहे का' या प्रश्नाचे उत्तर देण्याचे काम खोली भाड्याने देणाऱ्या तरुणाचे नाही. ते उत्तर सरकारी असले पाहिजे, आकड्यांत असले पाहिजे आणि पाहुण्याला व रहिवाशाला एकाच वेळी दिसले पाहिजे. आमची नदी साधी नाही. सह्याद्रीतून उतरणारे तिचे स्वतःचे पाणी आहे. शहरातून वाहणारी शिवनदी तिला मिळते. कोयनेची वीजगृहे १९६२ पासून कृष्णेच्या खोऱ्यातले पाणी घाटाखाली सोडत आली आहेत, कृष्णा पाणीवाटप लवादाने ठरवून दिलेले वर्षाचे ६७.५ टीएमसी (अब्ज घनफूट), आणि ते वीज करून झाल्यावर कोळकेवाडी धरणामार्गे वाशिष्ठीतच येते. खालून दाभोळच्या खाडीची भरती गोवळकोटपर्यंत चढते. वरचा पाऊस, सोडलेले पाणी आणि भरतीची वेळ ही तिन्ही एकत्र आली की काय होते ते आम्ही पाहिले आहे. २०२१ मध्ये यांतल्या कोणाचा वाटा किती होता, यावर आजही चिपळुणात दोन चिपळूणकरांचे एकमत होत नाही. पण भरतीची वेळ पंचांगात असते, पाऊस पर्जन्यमापकात असतो, पाण्याची पातळी पुलाच्या खांबावर असते आणि सोडलेल्या पाण्याची नोंद वीजगृहात असते. ही चार माहिती-मूल्ये एका फलकावर, तासातासाला, साध्या मराठीत लावणे इतके अवघड का असावे? होडीच्या तिकीटखिडकीवर, बसस्थानकावर, रेल्वे स्थानकावर आणि प्रत्येक नोंदणीकृत निवासाच्या दारात तो फलक किंवा त्याचा मोबाईलवरचा दुवा असावा. निवास व न्याहारी योजनेत नोंदणी करताना खोलीचे मोजमाप आणि न्हाणीघराची फरशी बघितली जाते. पाणी आल्यास पाहुण्यांना कोणत्या वाटेने आणि कोणत्या उंच जागी न्यायचे, हेही विचारले जावे. २ जुलै २०१९ च्या रात्री आमच्याच तालुक्यात तिवरे धरण फुटले तेव्हा खालच्या वाडीतली माणसे बेसावध होती. त्या घरांत पाहुणे असते तर त्यांनाही कोणी हाक मारली नसती.

पावसाळ्यात राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची तुकडी आता चिपळुणात येऊन राहते, याबद्दल आम्ही कृतज्ञ आहोत. नगर परिषदेचा भोंगाही आहे. परंतु भोंगा वाजला म्हणजे काय करायचे हे मला ठाऊक आहे; नाशिकहून कालच आलेल्या आणि वरच्या खोलीत झोपलेल्या माणसाला ते कोणी सांगितलेले नाही.

गाळाविषयीही दोन शब्द लिहिले पाहिजेत, कारण या एका विषयात होडीवाल्याचे आणि दुकानदाराचे हित तंतोतंत जुळते. पुरानंतर वाशिष्ठीतला गाळ आणि बेटे काढावीत म्हणून चिपळूण बचाव समितीने डिसेंबर २०२१ मध्ये साखळी उपोषण केले, तेव्हा कुठे यंत्रे नदीत उतरली. शिवनदीच्या गाळासाठी नाम फाउंडेशन मदतीला आले. गाळ एकदा काढून संपत नाही, डोंगर दरवर्षी नवा पाठवतो. म्हणून आमचे म्हणणे असे की नदीकाठ सुशोभित करण्यासाठी, म्हणजे फरसबंदी, कठडे, दिवे आणि 'आय लव्ह' लिहिलेली ती रंगीत अक्षरे यांच्यासाठी जो निधी येईल, त्यातला पहिला वाटा दर उन्हाळ्यात नदीची खोली राखण्यासाठी बांधून द्यावा. खोली राहिली तर ओहोटीलाही होडी चालेल आणि पावसाळ्यात पाणीही उतरेल. त्या रंगीत अक्षरांशी माझे वैर नाही, तरुण मुले तिथे आनंदाने उभी राहतात. फक्त ती निळ्या रेषेच्या बाहेर असावीत.

आणि रेषांचा विषय निघालाच आहे तर तोही स्पष्ट करतो. निळी रेषा म्हणजे पंचवीस वर्षांतून एकदा येणारा पूर आणि लाल रेषा म्हणजे शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर, असे आम्हाला समजावून सांगितले गेले. सोळा वर्षांत दोनदा बुडालेल्या माणसाला हे गणित ऐकताना काय वाटत असेल ते असो. या रेषांमुळे शहराच्या मोठ्या भागात जुने घर पाडून नवे बांधणे मुश्किलीचे झाले आहे, लोक त्याविरुद्ध बोलत आहेत, आणि माझे स्वतःचे मत विचाराल तर रेषा हव्यात, पण सर्वांना सारख्या हव्यात. माझ्या शेजाऱ्याला मागचा पडवीचा भाग उंच करायला परवानगी मिळायला दीड वर्ष लागत असेल, तर नदीच्या पात्रालगत पर्यटनाच्या नावाने काहीही उभे करण्याआधी तेवढीच चौकशी व्हावी. आज असे काही उभे आहे असा माझा आरोप नाही. पुढे होऊ नये म्हणून आत्ताच लिहून ठेवतो.

२०२४ च्या पावसाळ्याच्या सुरुवातीला चिंचनाक्याच्या रस्त्यावरून रात्रीच्या पावसात एक मोठी मगर चालत गेली आणि रिक्षावाल्यांच्या दिव्यांत तिचे चित्रण झाले, ते आपणही पाहिले असेल. देशभर पाहिले गेले. दुसऱ्या दिवशी मुलाच्या फोनवर चौकशा वाढल्या. 'मगर रस्त्यावर दिसते का हो तुमच्याकडे?' असे एका बाईंनी मोठ्या उत्साहाने विचारले. त्यांना आमच्या मगरी आवडल्या याचा मला आनंदच आहे, खाडीतल्या होडीवाल्यांची चूल त्यांच्यावर पेटते आणि कायद्याने त्या संरक्षित आहेत. पण नाक्यावर मगर दिसली की इथला माणूस आधी पाणी कुठवर आले आहे ते पाहतो, मग मगर.

पाहुण्यांनी काय पाहावे असे मला विचाराल तर मी लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिराचे नाव घेईन. पुस्तकविक्याचा हा पक्षपात आहे, तो मान्य. १८६४ साली स्थापन झालेल्या या वाचनालयाने दोन्ही महापुरांत आपली ग्रंथसंपदा चिखलात जाताना पाहिली आणि दोन्ही वेळा कपाटे धुऊन, उन्हात पाने वाळवून, देणग्या मागून ते पुन्हा उघडले. त्यांचे वस्तुसंग्रहालयही आहे. पूर झाकायचा नसेल आणि विकायचाही नसेल, तर त्याची हकिगत सांगण्याची योग्य जागा ही आहे असे मला वाटते. तिथे एक दालन असावे, ज्यात १९६५ पासूनच्या पाण्याच्या खुणा, लोकांनी काढलेली छायाचित्रे आणि गाळ उपसायला आलेल्या त्या मुलांची, आठवतील तेवढी, नावे असतील. मग आमच्या दारात येऊन कोणी 'पाणी कुठपर्यंत आले होते' असे विचारले तर मी त्याला चहा पाजून तिकडे पाठवीन. माझ्या कपाटामागची रेघ मोजून न्यायची असेल तर तीही न्यावी.

महामार्गाविषयी आणि परशुराम घाटाविषयी मी काही लिहीत नाही. त्यावर इतके लिहिले गेले आहे की नव्याने लिहायला माझ्या दुकानातल्या वह्या पुरायच्या नाहीत.

पुरानंतर दुकानदारांना मिळालेल्या मदतीची कमाल मर्यादा ५० हजार रुपये होती. ती मला मिळाली, मी नाकारत नाही, आणि तेवढ्यात दुकान उभे राहिले नाही हेही आपल्याला ठाऊक आहे. दुकान उभे राहिले त्यात पुढच्या तीन वर्षांत वरच्या खोल्यांत राहून गेलेल्या अनोळखी माणसांच्या पैशाचा मोठा हात आहे. म्हणून कोणी आमच्या आळीत पर्यटनाला सरसकट नावे ठेवू लागला की मी गप्प बसत नाही; आणि कोणी व्यासपीठावरून पर्यटनाने चिपळूण सावरले असे म्हणाला की तेव्हाही गप्प बसत नाही. शहर सावरले ते फावड्यांनी, कर्जांनी आणि पाठदुखीने. पाहुणे नंतर आले. त्यांचे स्वागत आहे.

आपल्याकडे एकच विनंती आहे. या वर्षीच्या पावसाळी पर्यटनाची जाहिरात छापायला जाण्याआधी पर्यटन, जलसंपदा, वीजगृहाचे व्यवस्थापन आणि नगर परिषद यांची एक बैठक चिपळुणात, मे महिन्यात, घ्यावी आणि तिला होडीवाले, खोलीवाले, रिक्षावाले व दुकानदार यांना बोलवावे. बैठक रत्नागिरीला नको, कारण दुकान बंद ठेवून आम्हाला तिथे येणे परवडत नाही. जागेची अडचण असेल तर माझे दुकान दुपारी दोन ते चार बंद असते. चाळीस माणसे सतरंजीवर बसतील, पंखे नवे आहेत. मुलाने त्या दिवसाच्या खोल्या रिकाम्या ठेवायचे कबूल केले आहे, म्हणजे मुंबईहून येणाऱ्या अधिकाऱ्यांना उतरता येईल. भाडे घेणार नाही. रात्री पाऊस आला तर मात्र त्यांनी गाडी खाली लावू नये.

कळावे,
आपला विश्वासू,
बाजारपेठेतील एक दुकानदार,
चिपळूण